जुन्या सुमोला एस्टेटचा आरपीएम मीटर

आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात इंजिनाचे फेरे कानाने ओळखणारी माणसं घरोघरी होती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून डिझेल इंजिनं बाहेर पडू लागली, आणि विहिरीवरच्या इंजिनाचा ठोका शेतकऱ्याच्या अंगवळणी पडला. किर्लोस्करचं एव्ही-१ हे पाच अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतं. माझे आजोबा दोन शेतं पलीकडून नुसतं ऐकून सांगायचे, "इंजिन दबलंय, पट्टा बघून ये."

गाडीत हा कान पुरत नाही. विहिरीवरचं इंजिन दिवसभर एकाच वेगावर असतं. गाडीचं इंजिन पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलं की वळणावळणाला वर-खाली होतं. काचा बंद, मागे सात माणसं, टेप चालू. अशा वेळी चौथ्या गिअरमध्ये इंजिन किती दाबलं जातंय हे कळतच नाही. कमी फेऱ्यांवर जास्त ओढायला लावलं की काळा धूर निघतो, पाणी तापतं आणि बेअरिंगवर मार बसतो. कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना उलटी गोष्ट होते. दुसऱ्या गिअरवर इंजिनाचा ब्रेक घ्यावा, तर इंजिन फार वर तर जात नाही ना, ही धास्ती. म्हणून मी माझ्या सुमोला आरपीएम मीटर बसवायचं ठरवलं, आणि दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट बसवला. पहिल्यांदा चुकलो ते एकाच कारणाने: मीटर आणला, पण त्याचा आकडा आणला नाही. हा आकडा म्हणजे काय ते आधी समजून घ्या, मग पान्याला हात लावा.

पेट्रोल गाडीत आरपीएम मीटरला इशारा कॉइलकडून मिळतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्पार्क, म्हणून दोन ठोके. डिझेलला स्पार्क नाही, कॉइलही नाही. मग मीटरने फेरे मोजायचे कशावरून? जुन्या डिझेलमध्ये त्याच्या दोन वाटा नेहमी दिसतात. पहिली अल्टरनेटरच्या मागच्या 'डब्ल्यू' टर्मिनलची. अल्टरनेटरच्या आत वीज आधी उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी तयार होते आणि डायोडमधून गेल्यावर सरळ होते. डायोडच्या आधीच एका फेजवरून वायर बाहेर काढली की ते डब्ल्यू. अल्टरनेटर जितका जोरात फिरेल तितके तिथले ठोके वाढतात. दुसरी वाट फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर बसवलेल्या चुंबकी सेन्सरची. दाता समोरून गेला की एक ठोका. दोन्हीकडे मीटर ठोकेच मोजतो, आणि 'इतके ठोके म्हणजे इंजिनाचा एक फेरा' हा हिशेब त्याच्या पोटात कारखान्यातच बसवलेला असतो. मीटरचा आकडा तो हाच.

माझी पहिली चूक पेट्रोल गाडीचा मीटर आणण्याची. दिसायला सुंदर होता. डब्ल्यूला जोडला, गाडी चालू केली, आणि ८०० च्या आयडलला काटा ५००० च्या जरा पुढे जाऊन उभा राहिला. दोन ठोक्यांचा हिशेब असलेल्या मीटरला फेऱ्याला १२.६ ठोके मिळत होते, म्हणजे सहापटीहून थोडे जास्त.

दुसरी चूक अधिक महागात पडली. सांगलीत एका भंगारवाल्याकडून मी डिझेलचाच मीटर घेतला, काच लख्ख पुसलेली. घरी उघडला तर आतल्या पट्टीवर पिवळट गाळाचा थर आणि तांब्याच्या रेषा हिरव्या पडलेल्या. हा मीटर ज्या गाडीतला, ती महापुरात उभी होती. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली आणि शेकडो गाड्या डॅशबोर्डपर्यंत बुडाल्या. म्हणून या भागात जुना मीटर घेताना काचेकडे पाहू नका. मीटर उलटा करा, बल्बचा होल्डर अर्धा फेरा फिरवून बाहेर ओढा आणि त्या भोकातून मोबाईलचा उजेड मारून आत पाहा. होल्डरच्या पितळी पट्ट्या हिरव्या किंवा भोकाच्या कडेला माती असेल, तर फुकट दिला तरी घेऊ नका.

आता गाडी कुठली शोधायची ते. टाटांचं १९४८ सीसीचं डिझेल इंजिन टाटामोबाइल, सिएरा, एस्टेट आणि १९९४ ला आलेली सुमो या सगळ्यांमध्ये होतं. सिएरा आणि एस्टेट या हौसेच्या गाड्या, त्यांच्या डॅशबोर्डवर आरपीएम मीटर असायचा. माझ्या सुमोत नव्हता. इंजिनाचं घराणं एक, म्हणून एस्टेटचा मीटर सुमोला सर्वांत जवळचा. महिंद्राच्या प्यूजो इंजिनाच्या जीपवालेही अशीच अदलाबदल करतात. मात्र घराणं एक असलं तरी अल्टरनेटरची पुली एक असेलच असं नाही. वीस-तीस वर्षांत कुणी ना कुणी ती बदललेली असते. म्हणून पुढची मोजणी कुणालाही चुकलेली नाही.

साहित्य

फ्रिक्वेन्सी म्हणजे हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर, रिंग पाने, बारीक स्क्रूड्रायव्हर, सोल्डरची इस्त्री, एक चौरस मिलिमीटरची ऑटो वायर पाच मीटर, अर्ध्या आणि दोन अँपिअरचे फ्यूज होल्डरसह, रबरी ग्रोमेट, लग, कागदी चिकटपट्टी, पेन आणि पांढरा खडू. खडू विसरू नका, अर्धं काम त्याचंच आहे.

जुन्या गाडीवर

ज्या गाडीचा मीटर काढायचा ती चालू होत असेल तर ते भाग्य समजा, आणि काहीही खोलण्याआधी तिच्यावर मोजणी करून घ्या. मल्टिमीटर हर्ट्झवर लावा, काळी वायर इंजिनाच्या बॉडीला, लाल अल्टरनेटरच्या डब्ल्यूला. मदतीला एक माणूस आत बसवा. काटा बरोबर १५०० वर धरायला सांगा आणि हर्ट्झ लिहून घ्या. मी ज्या एस्टेटचा मीटर घेतला तिच्यावर २८५ आले. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ठोके, म्हणून साठने गुणून फेऱ्यांनी भागायचं: २८५ गुणिले ६० भागिले १५०० म्हणजे ११.४. या मीटरला एका फेऱ्यामागे ११.४ ठोके लागतात. आकडा चिकटपट्टीवर लिहून मीटरच्या पाठीवर तिथल्या तिथे चिकटवा. २५०० वर पुन्हा मोजून पाहा. उत्तर तेच यायला हवं. दोन ठिकाणी वेगळं आलं तर एकतर बेल्ट घसरतोय किंवा मीटर म्हातारा झालाय.

गाडी बंद असेल तर आकडा हाताने काढावा लागतो. अल्टरनेटरच्या रोटरला पंज्यासारखी बोटं असतात, बहुतेक जुन्या अल्टरनेटरला बारा. त्यांच्या सहा जोड्या, म्हणून अल्टरनेटरच्या एका फेऱ्याला सहा ठोके. आता क्रँकच्या पुलीवर आणि अल्टरनेटरच्या पुलीवर खडूची एकेक रेघ ओढा. गिअर न्यूट्रल, चाकाखाली दगड, बॅटरीची वायर काढलेली. क्रँकच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने बरोबर दहा फेरे फिरवा आणि अल्टरनेटरची रेघ किती वेळा वर आली ते मोजा. हे दमवणारं काम आहे, दाबाला इंजिन अडतं, सावकाश करा. एकोणीस फेरे झाले तर गुणोत्तर १.९, सहाने गुणलं की ११.४. काहीजण पुलीचा व्यास टेपने मोजतात. व्ही बेल्ट पुलीच्या काठावर बसत नाही, खाचेत खाली बसतो, त्यामुळे ते माप फसवतं. खडू फसवत नाही.

मग मीटर काढा. आधी बॅटरीचं मायनस. मीटरला साधारण चार वायरी येतात. रंगावर विसंबू नका, इतक्या वर्षांत तीन वायरमननी त्यात हात घातलेला असतो. बॉडीशी जुळते ती अर्थ. ही खूण करून झाली की मायनस परत लावा. चावी फिरवल्यावर जिच्यात १२ व्होल्ट येतात ती प्लस, पार्किंग लाइट लावल्यावर जिच्यात येतात ती बल्बची, आणि उरते ती इशाऱ्याची. प्रत्येकीला चिठ्ठी. कपलर मोडून मीटर उपटू नका. कपलरसकट वीतभर वायर ठेवून कापा. ती वीतभर वायर पुढे दोन तास वाचवते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. फक्त आरपीएम मीटर घ्या, अख्खा मीटरबोर्ड उचलू नका. बोर्ड उचलला की त्याच्यासोबत दुसऱ्या गाडीचे किलोमीटर तुमच्या गाडीत येतात. उद्या गाडी विकताना घेणारा त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. बोर्ड बदलल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर जुन्या बोर्डाचा किलोमीटरसह फोटो काढा, तारीख लिहा आणि तो कागद गाडीच्या फायलीत लावा.

आपल्या गाडीवर

आता तीच खडूची मोजणी स्वतःच्या गाडीवर करा. माझ्या सुमोत क्रँकच्या दहा फेऱ्यांना अल्टरनेटर एकवीस वेळा फिरला. २.१ गुणिले ६, म्हणजे १२.६ ठोके. मीटरला हवे ११.४. तसाच बसवला असता तर २००० च्या जागी २२१० दाखवले असते. दहा टक्के जास्त. घाटात आपण उगाच लवकर गिअर बदलत राहिलो असतो आणि इंजिन दबलंच असतं. ज्यासाठी मीटर बसवला तेच बिघडलं असतं.

हा फरक मिटवायला तीन मार्ग आहेत. काही मीटरच्या पाठीवर बारीक भोक असतं, आत स्क्रूड्रायव्हरने फिरणारा प्रीसेट. तो असेल तर फरक तिथेच भागतो, आणि तो कसा फिरवायचा ते पुढे येतंच. तो नसेल तर एस्टेटच्या अल्टरनेटरची पुली आपल्या अल्टरनेटरवर चढवून पाहा. शाफ्टचा व्यास, खाचेची रुंदी आणि बेल्टची रेषा या तिन्ही जुळल्या तरच. पुली थोडी मोठी झाली की बेल्ट किंचित लांब लागतो. तिसरा मार्ग मीटर आणि अल्टरनेटर जोडीने आणण्याचा. अल्टरनेटर हाच इथे सेन्सर आहे, त्यामुळे ही जोडी फोडली नाही तर हिशेब आपोआप बरोबर येतो, मात्र क्रँकची पुली दोन्ही गाड्यांत सारखी हवी. माझ्या मीटरला प्रीसेट होता, म्हणून मी पुलीच्या वाटेला गेलो नाही.

माझ्या सुमोच्या अल्टरनेटरला मुळात डब्ल्यू टर्मिनलच नव्हतं; पहिल्या मीटरच्या वेळीच ते काढून घ्यावं लागलं. ते बाहेर काढायचं काम सेल्फ-डायनामोच्या दुकानात करून घ्या. आम्ही ते सांगलीच्या शंभर फुटी रोडवरच्या एका मिस्त्रींकडून करून घेतलं आणि मी शेजारी उभा राहून पाहिलं. मागचं झाकण काढल्यावर स्टेटरच्या तीन जाड तारा डायोडच्या प्लेटला आलेल्या दिसतात. त्यांपैकी कोणत्याही एकीच्या सांध्यावर नवी वायर सोल्डर करायची. मिस्त्रींनी आधी सांधा कानशीने घासून चकचकीत केला, मग त्यावर इस्त्री टेकवून ठेवली आणि कथिल इस्त्रीला न लावता सांध्याला लावलं. सांधा पुरेसा तापल्यावरच कथिल पाण्यासारखं पसरलं. गार झाल्यावर त्यांनी वायर जोरात ओढून पाहिली. त्यावर उष्णता सोसणारी स्लीव्ह, बाहेर पडताना ग्रोमेट, आणि अल्टरनेटरपासून वीतभरावर अर्ध्या अँपिअरचा फ्यूज. ही वायर कुठे घासून बॉडीला लागली तर अल्टरनेटरचा एक फेज थेट अर्थ होतो. फ्यूज टाळू नका.

बसवल्यावर इंजिन चालू करून डब्ल्यूवर डीसी व्होल्ट मोजा. बॅटरीच्या साधारण निम्मे, सातच्या आसपास दिसले की सांधा ठीक आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. त्या झटक्याने डायोड जातात आणि नवा बसवलेला मीटरही जातो.

पुढची जोडणी सोपी आहे. इशाऱ्याची वायर फायरवॉलच्या ग्रोमेटमधून आत आणा, एक्झॉस्टपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. प्लस चावीनंतरच्या फ्यूजवरून, मधे दोन अँपिअर. अर्थ डॅशबोर्डच्या कुठल्यातरी स्क्रूला देऊ नका, रंग खरवडून बॉडीच्या पत्र्याला लगने घट्ट द्या. काटा थरथरत असेल तर दहापैकी आठ वेळा दोष याच अर्थचा निघतो. मीटर स्टिअरिंगच्या डावीकडे किंवा उजवीकडे, जिथे नजर रस्त्यावरून फार न हलता पोचेल तिथे लावा.

फ्लायव्हीलचा सेन्सर असेल तर

ज्यांच्या जुन्या गाडीत क्लच हाउसिंगवर चुंबकी सेन्सर आहे, त्यांच्यासाठी एवढंच. मीटर आणि सेन्सर आणले तरी फ्लायव्हीलचे दाते तुमचेच राहतात. दात्यांची संख्या दोन्ही गाड्यांत एकच असेल तरच हा मार्ग धरा. हाउसिंगला भोक नसेल तर ते पाडायच्या भानगडीत पडू नका, गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि बुरा आत राहिला तर क्लच खातो. भोक असेल तर आत डोकावून पाहा, दात्याचा माथा भोकाच्या मधोमध आला पाहिजे. खाच आली असेल तर इंजिन हाताने जरा फिरवा. सेन्सर बोटांनी आत फिरवत न्या. माथ्याला अलगद टेकल्याचं बोटांना कळतं. दीड मिलिमीटरचे आटे असतील तर तिथून अर्धा फेरा मागे, म्हणजे पाऊण मिलिमीटर अंतर राहतं. चेक नट आवळताना सेन्सर सोबत फिरू देऊ नका. सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवून घ्या. कुठे खट्ट झालं तर आणखी पाव फेरा मागे. जुन्या सेन्सरच्या टोकाला चुंबकामुळे लोखंडी बुऱ्याची दाढी आलेली असते. ती पुसली की मेला म्हणून टाकलेला सेन्सर कित्येकदा जिवंत होतो.

ट्यूबलाइटखाली खरं-खोटं

आता मीटर खरं बोलतो का, ते पाहायचं. लेझरचा टॅकोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर एक जुनी युक्ती आहे आणि तिच्याइतकी अचूक गोष्ट गॅरेजमध्ये दुसरी नाही. आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब किंवा चांगला एलईडी दिवा इथे चालत नाही. रात्री गाडी ट्यूबखाली उभी करा, बाकीचे दिवे घालवा, क्रँकच्या पुलीच्या तोंडावर मध्यापासून काठापर्यंत खडूची एकच जाड रेघ ओढा आणि इंजिन चालू करा.

वेग हळूहळू वाढवत न्या. १००० फेऱ्यांना इंजिन सेकंदाला १६.६७ वेळा फिरतं. दोन उजळण्यांच्या मधे पुली बरोबर सहावा हिस्सा सरकते, म्हणून सहा रेघा दिसतात. १५०० ला चार रेघा, अधिकच्या चिन्हासारख्या स्थिर. ३००० ला समोरासमोर दोन. वेग किंचित कमी-जास्त झाला की चिन्ह सावकाश एका बाजूला फिरू लागतं. मदतनिसाने वेग असा धरायचा की चार रेघा जागच्या जागी थांबतील. त्या क्षणी मीटरवर १५०० असलेच पाहिजेत. नसतील तर प्रीसेट केसभर फिरवा आणि पुन्हा पाहा. माझा काटा १६५० वरून खाली आणायला चार वेळा फिरवावा लागला. मग ३००० वर नेऊन दोन रेघा तपासा.

इथे एक धोका आहे आणि तो खरा आहे. या उजेडात फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते, पंख्याची पातीही कधी कधी स्थिर वाटतात. हात घालावासा वाटतो. गळ्यातला गमछा, सैल बाही, घड्याळ आधी काढून ठेवा आणि बॉनेटखाली वाकणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधावेत. मी आमच्या पुतण्याला तसंच उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, एकदा चालू करून पाहा. काटा शून्यावरच राहिला तर घाबरू नका; काही अल्टरनेटर थोडी रेस मिळाल्याशिवाय जागे होत नाहीत, आणि ते चार्ज करू लागेपर्यंत डब्ल्यूवर इशाराही नसतो. पण चालत्या गाडीत काटा एकाएकी खाली पडला, तर मीटरवर हात आपटू नका. चार्जिंगच्या दिव्याकडे बघा. बेल्ट तुटलेला किंवा अल्टरनेटर गेलेला असू शकतो, आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्यायला हवी. पेठ नाक्याच्या अलीकडे मला हे काट्यानेच सांगितलं. पाणी तापायच्या आत मी गाडी कडेला घेतली होती.

आता सांगलीहून येताना कऱ्हाड ओलांडलं की काटा दोन हजारांच्या आसपास ठेवतो. यवतेश्वर चढताना पंधराशेच्या खाली गेला की खालचा गिअर टाकतो. शेजारी बसलेल्या वडिलांना मीटर बघावा लागत नाही. ते अजून आवाजावरून आधीच म्हणतात, "दबलं बघ."